इंग्रजी शिकण्या-शिकवण्यावर संशोधन: काय करावे, काय टाळावे

नागपूर जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी

स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली नागपुरात शाळा काढली. तिथपासून धरले तर या शहरात इंग्रजी शिकवण्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरीही ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या २४.५ टक्के आणि आठवीच्या ४६.७ टक्के मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली.

असे का होते, हे शोधणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. बी.एड. आणि एम.एड.चे विद्यार्थी कृतिसंशोधन करतात, विद्यापीठात पीएच.डी. होतात, जिल्हा परिषदेचे शिक्षक नवोपक्रम स्पर्धेला अहवाल पाठवतात. यातले बरेचसे काम कपाटात जाते आणि वर्ग होता तसाच राहतो. ही मेहनत वाया जाऊ नये, म्हणून ही यादी. तिच्यामागचा आग्रह एकच: प्रश्न आपल्या वर्गात सापडावा आणि उत्तर त्याच वर्गात परत जावे.

१. प्रश्न निवडताना

करावे

• वर्गात रोज अडणारी एकच गोष्ट पकडा. मुले धडा खडाखडा वाचतात, पण ‘यात काय सांगितलंय?’ असे विचारले की गप्प होतात. उत्तर ठाऊक असलेली मुलगीही इंग्रजीत बोलायला उठत नाही. शुक्रवारी पाठ झालेली स्पेलिंगे सोमवारी आठवत नाहीत. यातला कोणताही एक प्रश्न नीट धरला, तर तो पीएच.डी.लाही पुरतो.

• प्रश्न मराठीत, एका वाक्यात लिहा आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. ‘आमच्याकडेही हेच होतं’ असे ते लगेच म्हणाले, तर प्रश्न खरा आहे. समजावून सांगायला दहा मिनिटे लागली, तर तो अजून धूसर आहे.

• कोणत्या मुलांबद्दल बोलतो आहोत, ते आधी ठरवा. धरमपेठेतल्या मुलाला इंग्रजी पाट्यांवर, मोबाइलवर, घरातल्या बोलण्यात भेटते. कुही किंवा भिवापूरच्या खेड्यातल्या मुलाला ती बहुधा शाळेच्या तासापुरतीच भेटते. रामटेक तालुक्यातल्या देवलापार भागात गोंडी घरातून आलेल्या मुलाला आधी मराठीशी ओळख करून घ्यावी लागते, इंग्रजी त्यानंतर. पहिल्यासाठी इंग्रजी ही दुसरी भाषा, दुसऱ्यासाठी परकी, आणि तिसऱ्यासाठी परकीच्याही पलीकडची. तिघांना एकाच नमुन्यात घातले, तर येणारी सरासरी यातल्या एकाचेही वर्णन करणार नाही.

• शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विषयाचे जुने प्रबंध पाहा. आपल्याच विद्यापीठातल्या आधीच्या संशोधकाने जिथे काम थांबवले, तिथून पुढे जा.

टाळावे

• ‘नागपूर जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमधील विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकताना येणाऱ्या समस्यांचा अभ्यास’ असा सगळे काही कवेत घेणारा विषय. त्यातून निघणाऱ्या शिफारशी आधीच सगळ्यांना पाठ असतात: शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, साधने वाढवावीत, पालकांनी लक्ष द्यावे.

• उत्तर ठरवून मग प्रश्न मांडणे. ‘अमुक ॲपमुळे शब्दसंपत्ती वाढते हे सिद्ध करणे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. ‘वाढते का, कोणाची, किती दिवस टिकते’ हा प्रश्न होऊ शकतो.

२. बाहेरचे संशोधन वाचताना

करावे

• प्रत्येक अभ्यासाला तीन प्रश्न विचारा: कुठे झाला, कोणावर झाला, मुलांना इंग्रजी आठवड्याला किती तास मिळत होते? कॅनडाच्या वर्गात दिवसाचे निम्मे विषय दुसऱ्या भाषेत शिकणारे मूल आणि आपल्याकडे दिवसाला एक तासिका मिळणारे मूल यांची स्थितीच वेगळी आहे.

• आपल्या स्थितीशी जुळणारे अभ्यास मुद्दाम शोधा. ‘जितके लवकर, तितके चांगले’ हे आपण गृहीत धरतो. बार्सिलोनात कार्मे मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. शाळेत मिळालेले तास सारखे असताना उशिरा सुरू केलेली मुले पुढे दिसली. पहिलीपासून इंग्रजी आणणाऱ्या आपल्या राज्यात हा प्रश्न फार मोलाचा आहे: लवकर सुरुवात करून मिळालेले तास आपण कसे वापरतो?

• भारतात झालेले काम आधी वाचा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत, गर्दीच्या वर्गांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके, आकडेमोड अशा विचार करायला लावणाऱ्या कृती दिल्या. भाषा त्या कृतींच्या ओघात आली. ‘टास्क’वर आधारलेल्या अध्यापनाची आज जगभर जी चर्चा होते, तिच्या मुळाशी असलेल्या प्रयोगांत हा एक आहे. त्याहीआधी, १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात काम करताना मांडले होते की, थोडी वर्षे शिकून शाळा सोडणाऱ्या मुलालाही हाती काही लागावे, म्हणून आधी वाचन शिकवावे. दोघांचे प्रश्न आपल्यासारख्याच वर्गांतून आले होते.

टाळावे

• ‘क्रॅशन यांच्या मते’ अशी सुरुवात करून पानेच्या पाने भरणे. सिद्धान्त आपल्या प्रश्नावर काही प्रकाश पाडत असेल, तरच तो घ्या.

• मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ उचलणे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेला संदर्भ तर मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय वापरूच नका. अस्तित्वात नसलेले लेखही ती साधने खऱ्यासारखे मांडतात.

• सर्वांना लागू पडणारी एकच उत्तम पद्धत शोधत बसणे. प्रभू यांनीच १९९० साली लेख लिहून तशी पद्धत असू शकत नाही असे मांडले. ‘मी शिकवतो त्यातून मूल कसे शिकते’ याबद्दलची शिक्षकाची स्वतःची जिवंत समज त्यांनी महत्त्वाची मानली. कृतिसंशोधन करायचे ते ही समज तपासण्यासाठी आणि धारदार करण्यासाठी.

३. मुलाची भाषा समजून घेताना

सगळ्यात कमी काम इथे झाले आहे आणि सगळ्यात जास्त सापडण्यासारखेही इथेच आहे.

करावे

• पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाच्या भाषांची नोंद करा. आजीशी कोणती, आईशी कोणती, गल्लीत खेळताना कोणती, टीव्हीवर कोणती? नागपुरात एकाच बाकावर मराठी, हिंदी, उर्दू, गोंडी, छत्तीसगढी बोलणारी मुले बसलेली असू शकतात. ‘मातृभाषा: मराठी’ असा एक रकाना भरून हे कळत नाही.

• नागपुरी बोलीला अभ्यासाचे साधन करा. आपल्याकडचे मूल ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवून राहिलो’ यांत गल्लत करत नाही. रोजचे ते ‘जेवतो’, आत्ता चालू आहे ते ‘जेवून राहिलो’. इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांतला फरक शिकवताना नेमका हाच फरक लागतो. तो नियमाने समजावण्याऐवजी मुलाच्या तोंडातल्या वाक्यापासून सुरू केला, तर चुका कमी होतात का? दोन तुकड्या, एक सत्र आणि काटेकोर नोंदी एवढ्यावर करता येण्यासारखा हा अभ्यास आहे, आणि तो फक्त विदर्भातच होऊ शकतो.

• मुलांच्या चुका गोळा करा, तारखेसह. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, मुलाची चूक ही त्याच्या मनात भाषेची कोणती रचना तयार होते आहे, याचा पुरावा असते. वहीत तीन रकाने करा: मूल काय म्हणाले, त्याला काय म्हणायचे होते, मागे कोणते कारण असावे.

• चुकांची कारणे वेगवेगळी करा. ‘व्हाय यू आर लेट?’ या वाक्यात मराठी प्रश्नाची बांधणी दिसते. मराठीत प्रश्न करताना क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागत नाही. ‘धिस इज बुक’मध्ये आर्टिकल गळते, कारण मराठीत आर्टिकल नाही. ‘माय हेड इज पेनिंग’मागे ‘डोकं दुखतंय’ आहे. पण ‘ही गो टू स्कूल’ ही चूक जगभरची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले करतात. ती इंग्रजी शिकण्याच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. पहिल्या प्रकारच्या चुकांना तुलना उपयोगी पडेल, दुसऱ्या प्रकारच्या चुकांना भरपूर वाचन-श्रवण आणि धीर.

• इंग्रजी वाचनाची चाचणी घेण्याआधी मराठी वाचनाची घ्या. जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार, एका भाषेत पक्के झालेले वाचनाचे आणि विचाराचे कौशल्य दुसऱ्या भाषेत कामाला येते. जे मूल मराठी उताऱ्याचा आशय सांगू शकत नाही, त्याची अडचण इंग्रजीची आहे असे म्हणता येत नाही. उपाय चुकीच्या जागी होऊ नये, म्हणून ही तपासणी हवीच.

• वर्गात मराठी-हिंदी किती आणि कशासाठी वापरली जाते, ते मोजा. शब्दाचा अर्थ सांगायला, सूचना द्यायला, रागवायला की मुलाला धीर द्यायला? प्रत्येकाचा परिणाम वेगळा.

टाळावे

• ‘मातृभाषेचा अडथळा’ असा एकच शिक्का सगळ्या चुकांवर मारणे.

• बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे, अहवालात किंवा वर्गात. ज्या मुलाला त्याच्या घरच्या बोलण्याची लाज वाटायला लावली, ते मूल परक्या भाषेत तोंड उघडण्याचे धाडस कुठून आणणार?

• शाळेच्या पाटीवरचे माध्यम वाचून निष्कर्ष काढणे. २०१६ ते २०२० या काळात दिल्ली, हैदराबाद आणि बिहारमधल्या शाळांत ‘मल्टिलीला’ हा मोठा अभ्यास झाला. इंग्रजी माध्यम म्हणवणाऱ्या वर्गांतही प्रत्यक्षात भाषा मिसळून वापरल्या जातात, हे त्यात दिसले. आपल्याकडे काय होते, ते वर्गाच्या मागच्या बाकावर बसून ऐका.

४. वर्गात प्रयोग करताना

करावे

• एका वेळी एकच गोष्ट बदला. नवे पुस्तक, नवी बैठक आणि नवा प्रोजेक्टर एकदम आणले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

• ओळखीच्या जागांवरून खऱ्या कृती तयार करा. नागपूर मेट्रोच्या नारंगी आणि ॲक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. नकाशा समोर ठेवा आणि इंग्रजीत विचारा: लोकमान्य नगरहून खापरीला जायचे आहे, कुठे बदलाल, कोणत्या दिशेची गाडी घ्याल, मध्ये किती स्थानके लागतील? उत्तर शोधण्यासाठी मुलाला इंग्रजी वाचावे, ऐकावे आणि वापरावे लागते. उमरेड किंवा काटोलच्या शाळेत हेच काम एसटीच्या वेळापत्रकावर होते. तान्ह्या पोळ्याच्या तयारीची यादी सातवीच्या वर्गाला महिनाभराची सामग्री देते.

• गोष्टींच्या पुस्तकांचा प्रयोग करून पाहा. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी फिजीच्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सचित्र गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तके दिली. मुलांनी ती नुसती वाचली किंवा शिक्षकांबरोबर मिळून वाचली. नेहमीच्या पाठांवर शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांची वाचन आणि श्रवणातली प्रगती साधारण दुपटीने झाली. इतकी पुस्तके नसतील तर पन्नासांपासून सुरू करा, पण मूल कोणते पुस्तक घेते, कुठे सोडते, कोणते पुन्हा मागते याची नोंद ठेवा.

• पुस्तक मुलाच्या आवाक्यातले आहे का, ते मोजा. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासाप्रमाणे, कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचे तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोनच अनोळखी. आपल्या आठवीच्या मुलाला त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर किती शब्द अडतात, हे एका दुपारी मोजता येते, आणि त्यातून पुढचा सगळा अभ्यास उभा राहतो.

• प्रश्न विचारल्यावर थांबा, आणि किती थांबलात ते मोजा. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिले की, शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर याहून अधिक वेळ लागेल. किती, ते आपल्या वर्गात शोधा. खर्च शून्य, साधन मोबाइलचे ध्वनिमुद्रण.

• चूक कशी दुरुस्त करता, तेही पाहा. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास मांडला. मुलाचे चुकीचे वाक्य शिक्षकाने नुसते बरोबर करून म्हणायचे, हा प्रकार निम्म्याहून अधिक वेळा दिसला, पण मुलाने त्यावरून स्वतः सुधारणा करण्याचे प्रमाण तिथे सर्वांत कमी होते. ‘पुन्हा सांग बरं’ असे म्हणून मुलाकडूनच काढून घेतले, की मूल प्रयत्न करते. ‘ही गो... ही काय?’ असे विचारून थांबणाऱ्या आपल्या कितीतरी बाई हे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत; त्याचा पुरावा आता त्यांनी नोंदवावा.

• बोलण्याची भीती हा स्वतंत्र विषय माना. त्यासाठी हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली केलेली ३३ विधानांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. ती आपल्या मुलांच्या मराठीत आणा, दहा-पंधरा मुलांवर आधी वापरून बघा, न समजलेली विधाने बदला, मगच मोठ्या गटाला द्या.

टाळावे

• प्रायोगिक गटाला स्वतः उत्साहाने शिकवणे आणि नियंत्रित गट दुसऱ्या, आधीच थकलेल्या शिक्षकावर सोपवणे. मग फरक पद्धतीचा की माणसाचा, ते सांगता येत नाही. एकाच शिक्षकाने दोन्ही वर्ग घ्यावेत, किंवा सत्राच्या मध्यावर गट बदलावेत.

• दोन आठवड्यांचा प्रयोग करून ‘लक्षणीय प्रगती’ जाहीर करणे. नव्या गोष्टीचा उत्साहही दोन आठवडे टिकतो.

• चांगली पाच मुले निवडून त्यांचे व्हिडिओ पुरावा म्हणून जोडणे. मागच्या बाकावरचे मूल कुठे पोहोचले, तेच प्रयोगाचे खरे उत्तर.

५. वेळापत्रक आखताना

करावे

• विदर्भाचे वर्ष धरून आखणी करा. उन्हामुळे आपल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात आणि मार्चपासून सकाळच्या होतात. रामटेक-मौद्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, काटोल-नरखेडकडे संत्र्याचा हंगाम. या दिवसांत हजेरी पातळ होते.

• प्रत्येक मुलाची हजेरी आकड्यात ठेवा आणि विश्लेषणात घ्या. तीस तासांपैकी बारा तास हजर असलेल्या मुलावर पद्धतीचा परिणाम झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

• निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे आणि सत्र परीक्षा यांसाठी मोकळे आठवडे आधीच धरून ठेवा.

टाळावे

• पूर्वचाचणी भर पावसात निम्म्या वर्गाची आणि उत्तरचाचणी जानेवारीत पूर्ण वर्गाची घेणे. मुलेच वेगळी असतील, तर तुलना कशाची?

६. मोजताना

करावे

• जे शिकवले तेच तपासा. बोलण्यावर काम केले असेल, तर चाचणीही तोंडी हवी. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ते किती जुळतात ते अहवालात सांगावे.

• उत्तरचाचणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा चाचणी घ्या. सुटीनंतर टिकलेली भाषाच खरी शिकलेली.

• फरक आहे एवढे सांगून थांबू नका. किती आहे, तेही सांगा. टी-टेस्टसोबत इफेक्ट साइझ द्या. प्लॉन्स्की आणि ऑस्वाल्ड यांनी २०१४ साली दुसऱ्या भाषेच्या संशोधनासाठी सुचवलेले मापदंड असे: दोन गटांतल्या तुलनेत ०.४० म्हणजे लहान, ०.७० म्हणजे मध्यम, १.०० म्हणजे मोठा परिणाम.

• अर्थ समजला का, ते वेगळे तपासा. ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, पण वाचू शकणाऱ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला.

टाळावे

• मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीत प्रश्नावली देणे. त्यात मुलाचे मत मोजले जात नाही. प्रश्नावली वाचण्याची ताकद मोजली जाते.

• ‘तुला इंग्रजी आवडते का?’ असे गुरुजींच्या समोर विचारणे. सगळी मुले हो म्हणतात.

• पूर्व आणि उत्तर या दोन्ही वेळी तीच प्रश्नपत्रिका वापरणे. तितक्याच काठिण्याच्या दोन करा.

• सांख्यिकीचे काम पैसे देऊन बाहेर करून घेणे आणि मौखिकीत आपल्याच तक्त्याचा अर्थ सांगता न येणे.

७. मुले, पालक आणि शाळा यांच्याशी वागताना

करावे

• पालकांची संमती त्यांच्या भाषेत घ्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसून समजावून सांगा. मुलालाही विचारा, ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्याला आहे.

• मुलांची नावे, फोटो आणि शाळेचे नाव अहवालात येऊ देऊ नका.

• नियंत्रित गटाला प्रयोग संपल्यावर तीच सामग्री, तेच तास द्या. आपल्या पदवीसाठी कुणाचे वर्ष वाया जाता कामा नये.

• ज्या शिक्षिकेच्या वर्गात बसलात, त्यांना निष्कर्ष सर्वांत आधी दाखवा. त्यांचे म्हणणे वेगळे असेल, तर तेही अहवालात लिहा.

टाळावे

• बाहेरून येऊन शिक्षकांच्या इंग्रजीतले दोष मोजणे आणि त्यांची यादी छापणे. मोडक्या इंग्रजीतही मुलांना बोलते करणारे शिक्षक आहेत. ते कसे करतात, हे शोधण्यासारखे आहे.

• माहिती घेऊन निघून जाणे. विद्यार्थ्यांनी दिलेल्या उत्तरांवर पहिला हक्क त्यांचा आहे.

८. लिहिताना आणि छापताना

करावे

• ध्वनिमुद्रण स्वतः लिहून काढा. तासाभराच्या मुद्रणाला पाच-सहा तास लागतात, पण खरे काही सापडते ते याच बैठकीत.

• न जमलेले प्रयोगही लिहा. ‘अमुक केले, फरक पडला नाही’ हे कळले, तर दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाचे एक सत्र वाचते.

• साम्य तपासणीचे नियम नीट समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ६० टक्क्यांवर गेले तर नोंदणी रद्द होऊ शकते. आकड्याखाली राहणे एवढेच ध्येय ठेवू नका. दुसऱ्याचा विचार घेतला, की त्याचे नाव द्या.

• प्रबंध इंग्रजीत असला, तरी चार पानांचा मराठी सारांश करा.

टाळावे

• पैसे भरले की आठवड्यात छापणारी नियतकालिके. आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यापासून नियतकालिकाची पारख ही आपली आणि मार्गदर्शकांची जबाबदारी झाली आहे. संपादक मंडळ पाहा, जुने अंक वाचा, समीक्षणाला किती वेळ लागतो ते विचारा.

• एका शाळेतल्या साठ मुलांवरून ‘महाराष्ट्रातील विद्यार्थी’ असा निष्कर्ष काढणे.

९. काम संपल्यावर

करावे

• केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटे मागून घ्या. सिद्धान्त बाजूला ठेवा. काय केले, काय घडले, उद्या वर्गात काय करून पाहता येईल, एवढेच सांगा.

• सामग्री खुली करा: मेट्रोच्या नकाशाचे प्रश्न, चाचण्या, मराठीत केलेली प्रश्नावली, चुकांच्या वहीचा नमुना. कळमेश्वरच्या बाईंनी तयार केलेले सावनेरच्या सरांना वापरता आले पाहिजे.

• दुसऱ्या शाळेत कुणाला तरी तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा, आणि त्यांच्या वर्गात वेगळे उत्तर आले तर आनंदाने ऐका. चौदा तालुक्यांत तोच प्रयोग चौदा वेळा झाला, तर नागपूर जिल्ह्यातले मूल इंग्रजी कसे शिकते, याबद्दल खात्रीने बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.

टाळावे

• पदवी मिळाली, प्रमाणपत्र आले, स्पर्धेचा निकाल लागला, म्हणून प्रश्न संपला असे मानणे. जूनच्या शेवटी शाळा उघडतील, तेव्हा नवी तुकडी समोर बसेल. चुकांची वही पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करा.